एमअ‍ॅडव्हाइज: मेमरीबद्दल कर्नलला दिलेला सल्ला आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या सिस्टिम कॉलबद्दल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) केलेल्या या विनंतीबद्दल, पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बरेचसे प्रश्न एकाच समजुतीतून येतात: नावात 'सल्ला' आहे, म्हणजे चुकला तरी फार काही बिघडणार नाही. बिघडतं, आणि कधीकधी डेटासकट बिघडतं. घाई असेल तर निदान प्रश्न ५ आणि ७ वाचा.

उत्तरं लिनक्स धरून लिहिली आहेत. इतर सिस्टिमवर वेगळं असेल तर तसं सांगितलं आहे. कोडमध्ये प्रत्येक सल्ल्याच्या नावाआधी 'एमएडीव्ही' आणि अधोरेखा येते. वाचायला सोपं जावं म्हणून ती इथे गाळली आहे.

१. एमअ‍ॅडव्हाइज नेमकं करतं काय?

तुमचा प्रोग्राम मेमरीचा एखादा पट्टा पुढे कसा वापरणार आहे, हे प्रोग्रामला माहीत असतं, कर्नलला नसतं. समजा तुम्ही एक मोठी फाइल मेमरीत मॅप केली (तिचा मजकूर मेमरीच्या पत्त्यांवर दिसेल अशी जोडली) आणि ती पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत एकदाच वाचणार आहात. कर्नलला याचा अंदाज तुमच्या वाचनाच्या चालीवरूनच बांधावा लागतो, म्हणजे थोडं वाचून झाल्यावर. एमअ‍ॅडव्हाइज वापरून ही गोष्ट आधीच सांगता येते.

कॉलला तीन गोष्टी द्यायच्या: पट्टा सुरू होतो तो पत्ता, बाइटमध्ये लांबी आणि सल्ल्याचा स्थिरांक. काम झालं तर ० परत येतो, नाही झालं तर उणे १, आणि कारण एररनो या एरर क्रमांकाच्या चलात मिळतं. हा कॉल पहिल्यांदा ४.४ बीएसडीमध्ये आला. लिनक्सने त्यात स्वतःचे इतके सल्ले जोडले आहेत की मूळचे पाच आता अल्पसंख्य झालेत.

२. मेमरी नकोच असेल तर सरळ एमअनमॅप (पट्टा परत देणारा कॉल) का करू नये?

एमअनमॅप केलं की पत्त्यांचा तो पट्टा तुमच्या हातून गेला. नंतर तिथे कोणी हात लावला तर सेगफॉल्ट येतो, म्हणजे प्रोग्राम पडतो. त्याहून वाईट म्हणजे, मधल्या वेळात दुसऱ्या थ्रेडने (त्याच प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामाने) एममॅप केलं, म्हणजे नवा पट्टा मागितला, आणि नेमकी तीच जागा त्याला मिळाली, तर जुना पॉइंटर परक्याच्या डेटात लिहीत बसेल आणि कुणाला पत्ता लागणार नाही.

एमअ‍ॅडव्हाइजमध्ये पत्ते तुमच्याकडेच राहतात. बदल होतो तो त्यांच्यामागच्या प्रत्यक्ष पेजेसमध्ये, म्हणजे कर्नल मेमरी ज्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत वाटतं त्यांत. मेमरी अलोकेटरला (प्रोग्रामला मेमरी वाटून देणाऱ्या कोडला) हेच हवं असतं: रॅम परत द्यायची, पण घराचा नंबर सोडायचा नाही.

३. पत्ता आणि लांबी कशीही दिली तर चालते का? मला सारखं ईइनव्हॅल (चुकीची माहिती दिल्याचा एरर) येतं.

पत्ता पेजच्या आकाराच्या पटीत असलाच पाहिजे, नाहीतर ईइनव्हॅल. लांबीला मात्र ही अट नाही. ती कर्नल स्वतःच वरच्या पूर्ण पेजपर्यंत वाढवतं. सगळा धोका या दुजाभावात आहे. तुम्ही १०० बाइट सांगितलेत, तरी सल्ला लागू होतो अख्ख्या पेजला. सल्ला डोन्टनीड ('ही पेजेस आता नकोत') असेल, तर त्याच पेजवरच्या शेजाऱ्याचा डेटाही गेला.

मॅलॉक या मेमरी मागण्याच्या नेहमीच्या फंक्शनकडून मिळालेला पॉइंटर सहसा पेजच्या सीमेवर नसतो. मोठी मागणी असली तरी सुरुवातीला अलोकेटरची स्वतःची नोंद असते. त्यामुळे मॅलॉकचा पॉइंटर थेट या कॉलला देणं चूकच. सीमेवरची मेमरी हवी असेल तर ती एममॅपने घ्या.

पट्टा कापताना एवढं लक्षात ठेवा: डेटा घालवणारा सल्ला असेल तर सुरुवात वर सरकवा आणि शेवट खाली आणा, म्हणजे पूर्णपणे तुमचीच असलेली पेजेस उरतील. नुसता वेगासाठीचा सल्ला असेल तर उलटं केलं तरी चालतं. पेजचा आकार ४०९६ धरून कोडमध्ये लिहू नका. ६४ बिट आर्मवर तो ४, १६ किंवा ६४ किलोबाइट असू शकतो. तो सिसकॉन्फ या फंक्शनला विचारा.

पत्ता बरोबर असूनही ईइनव्हॅल येत असेल तर दोन कारणं जास्त संभवतात: तुमच्या कर्नलला तो सल्ला माहीत नाही (प्रश्न १९), किंवा मेमरी लॉक केलेली आहे (प्रश्न १२).

४. ईनोमेम ('मेमरी नाही' असा एरर) आलं. मशिनची मेमरी संपली का?

बहुतेक वेळा नाही. तुम्ही दिलेल्या पट्ट्यात कुठेतरी भोक आहे, म्हणजे मधले काही पत्ते मॅपच केलेले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ असतो.

खरी गंमत पुढे आहे. भोक दिसलं म्हणून कर्नल थांबत नाही. ते भोक ओलांडून पुढच्या मॅप केलेल्या भागालाही सल्ला लागू करतं आणि सगळं उरकल्यावर ईनोमेम परत देतं. म्हणजे 'कॉल फसला, तेव्हा काहीच झालं नसणार' हे गृहीतक इथे खोटं ठरतं. डोन्टनीडच्या बाबतीत तर ते महागात पडतं.

ईअगेन हा एरर आला तर कर्नलला आतलं काही साधन तात्पुरतं कमी पडलं आहे. थोड्या वेळाने पुन्हा कॉल करा.

५. सल्ला म्हणजे सल्लाच ना? कर्नलने ऐकला काय, नाही ऐकला काय, माझा प्रोग्राम बरोबरच चालेल ना?

प्रत्येक सल्ल्याला दोन प्रश्न विचारा. कर्नलने तो ऐकला नाही तर प्रोग्राम बरोबर चालेल का? आणि ऐकला तर?

सीक्वेन्शियल, रँडम, विलनीड, कोल्ड, पेजआउट, ह्यूजपेज (प्रत्येकाची माहिती पुढे येते) यांच्याबाबत दोन्ही उत्तरं 'हो' आहेत. वेग बदलेल, निकाल बदलणार नाही. हे खरे सल्ले.

डोन्टनीड, फ्री आणि रीमूव्ह ऐकले गेले की मेमरीतला मजकूर जातो किंवा जाऊ शकतो. यांना मी हुकूमच म्हणतो.

डोन्टफोर्क, वाइपऑनफोर्क आणि डोन्टडम्प यांचं दुखणं उलट आहे. ते ऐकले गेले नाहीत तर पंचाईत, कारण गुपित चाइल्ड प्रोसेसमध्ये (फोर्क या कॉलने तयार होणाऱ्या नकलेत) किंवा कोअर डम्पमध्ये (प्रोग्राम पडल्यावर त्याची मेमरी लिहून ठेवणाऱ्या फाइलमध्ये) जाऊ नये म्हणूनच तुम्ही ते दिलेले असतात. इथे परत आलेली किंमत न तपासणं म्हणजे कुलूप लावल्याचा नुसता अभिनय.

मॅन्युअलच्या पानावरही ही अडचण दिसते. पारंपरिक सल्ल्यांनी प्रोग्रामचा अर्थ बदलत नाही, असं तिथे म्हटलं आहे आणि लगेच कंसात 'डोन्टनीड सोडून' अशी पुस्ती जोडली आहे. सगळ्यात जास्त वापरला जाणारा सल्ला कंसात!

या नावाला भले भले फसले आहेत. क्यूएमू हा इम्युलेटर दुसऱ्या प्रोसेसरसाठीचे लिनक्स प्रोग्राम चालवताना हा कॉल बराच काळ नुसता गिळून टाकायचा आणि ० परत द्यायचा. कोडमधल्या टिपणीत कारणही दिलं होतं: ही फक्त सूचना आहे, दुर्लक्ष केलं तरी चालेल. डोन्टनीडनंतर मेमरी शून्य होणार यावर विसंबलेले अलोकेटर तिथे अर्थातच गडबडले. जेईमॅलॉक हा अलोकेटर आता सुरू होतानाच एका पेजवर प्रयोग करून पाहतो, की इथे शून्य खरंच होतात का.

६. सीक्वेन्शियल, रँडम आणि विलनीड देऊन काही फरक पडतो का? मला तर पडलेला दिसला नाही.

फाइल आधीच पेज कॅशमध्ये (कर्नलने रॅममध्ये ठेवलेल्या फाइलींच्या मजकुरात) असेल तर फरक दिसणारच नाही, कारण डिस्कवर जायचंच नाही. चाचणी घेताना दुसऱ्यांदा चालवलेला प्रोग्राम नेहमी वेगवान वाटतो, तो याचमुळे. थंड कॅशवर मोजा.

सीक्वेन्शियल म्हटलं की कर्नल पुढचा मजकूर जास्त जोमाने आधीच वाचून ठेवतं, आणि वाचून झालेली पेजेस लवकर सोडायला मोकळं होतं. रँडम म्हटलं की पुढचं वाचणं बंद. मागितलं तेवढंच आणायचं. विलनीड म्हटलं की कर्नल लगेच वाचायला सुरुवात करतं, पण वाचन पूर्ण होईपर्यंत तुम्हाला थांबवून ठेवत नाही. फाइलमागच्या मेमरीसाठी ते फाइल वाचतं, तर स्वॅपमध्ये (रॅममधून हलवलेल्या पेजेससाठीच्या डिस्कवरच्या जागेत) गेलेल्या मेमरीसाठी स्वॅपमधून पेजेस परत आणतं.

एक बारकावा. सीक्वेन्शियल आणि रँडम हे मॅपिंगवर चिकटून राहतात, नॉर्मल देईपर्यंत. विलनीड हे एकदाच होणारं काम आहे, ते चिकटत नाही. इंडेक्सच्या फाइलला रँडम देऊन ठेवायचं आणि नंतर कधीतरी तिच्यावरून पूर्ण फेरी मारायची, ही चूक मी स्वतः केली आहे. प्रत्येक पेजसाठी डिस्कची स्वतंत्र वारी. प्रोग्राम बरोबर चालत होता, लॉगमध्ये चूक नव्हती, फक्त काम संपत नव्हतं.

चिकटणाऱ्या सल्ल्यांची आणखी एक किंमत असते. पट्ट्याच्या मधल्या तुकड्याला वेगळा सल्ला दिला की कर्नलला त्या मॅपिंगचे तुकडे करून नोंदी वेगळ्या ठेवाव्या लागतात. एका प्रोसेसला अशा नोंदींची मर्यादा असते, सहसा ६५५३०. हजारो छोट्या तुकड्यांना आलटूनपालटून वेगवेगळे सल्ले देणारा प्रोग्राम तिथवर पोचतो, आणि मग एममॅपच नकार देऊ लागतं.

७. डोन्टनीड दिल्यावर माझा डेटा शून्य झाला. हा कर्नलचा बग आहे का?

नाही. लिनक्समध्ये ते तसंच ठरलेलं आहे. नेमकं काय होईल, ते मेमरी कोणत्या जातीची आहे यावर अवलंबून असतं.

खासगी आणि फाइल नसलेली मेमरी, म्हणजे मॅलॉकच्या मागे असते ती: पेजेस तिथल्या तिथे जातात आणि पुढच्या वेळी हात लावला की कोरं, शून्याने भरलेलं पेज मिळतं. खासगी मॅपिंग पण मागे फाइल आहे: तुम्ही केलेले बदल जातात आणि फाइलमधला मजकूर पुन्हा दिसतो. शेअर्ड मॅपिंग: काहीच हरवत नाही, कारण मजकूर पेज कॅशमध्ये असतोच, फक्त तुमच्या प्रोसेसची त्याच्याशी असलेली जोडणी तुटते आणि पुढच्या वेळी पुन्हा जुळते. शेअर्ड मेमरीतला मजकूर खरोखरच पुसायचा असेल तर रीमूव्ह आहे. ते मागच्या फाइललाच भोक पाडतं, त्यामुळे ती फाइल वापरणाऱ्या इतरांनाही तिथे शून्यच दिसतात. हे विसरू नका.

गोंधळाचं मूळ असं की पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमच्या प्रमाणकाच्या व्याख्येत याच नावाचा अर्थ सौम्य आहे: 'एवढ्यात लागणार नाही'. डेटा शाबूत राहायला हवा. फ्रीबीएसडीही तो शाबूत ठेवतं. म्हणून तिथला कोड लिनक्सवर जसाच्या तसा आणला की डेटा उडतो. ही तफावत मिटवायला जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीने साधा उपाय केला: तिच्या पॉझिक्स एमअ‍ॅडव्हाइजमध्ये डोन्टनीड दिलं तर ती काहीच करत नाही. मान्य केल्यासारखं दाखवते आणि गप्प बसते.

आता लिनक्सने हे वागणं बदलावं का? बदलताच येणार नाही. या शून्यांवर कितीतरी अलोकेटर उभे आहेत.

८. फ्री आणि डोन्टनीड यांतलं काय निवडू?

डोन्टनीड लगेच काम करतं. फ्री आळशी आहे: 'हा मजकूर टाकून दिला तरी चालेल' अशी खूण करून ठेवतं आणि मेमरीची चणचण भासली तरच पेजेस काढून घेतं. तोवर तुम्ही त्या पेजवर पुन्हा लिहिलंत तर खूण पुसली जाते आणि पेज तुमचंच राहतं. पुन्हा पेज फॉल्ट (नवं पेज जोडून घ्यायला कर्नलकडे होणारी वारी) नाही, पुन्हा शून्यं भरणं नाही. मेमरी सोडून लगेच परत मागणाऱ्या प्रोग्रामला याचा फायदा होतो.

फ्री लिनक्स ४.५ पासून आहे आणि फक्त खासगी, फाइल नसलेल्या मेमरीवर चालतं. फ्री दिल्यावर आणि पुन्हा लिहिण्याआधी ते पेज वाचलंत, तर जुना मजकूरही मिळू शकतो आणि शून्यही. दोन्ही वैध. तेव्हा वाचूच नका, आणि गुपितं पुसण्यासाठी फ्रीवर भरवसा ठेवू नका.

याचा मोठा त्रास तांत्रिक नसून माणसांचा आहे. फ्री केल्यावर प्रोसेसचा आरएसएस (तिने व्यापलेल्या रॅमचा आकडा) उतरत नाही, आणि आलेख पाहणाऱ्याला वाटतं की मेमरी गळते आहे. गो भाषेच्या रनटाइमने २०१९ मध्ये १.१२ आवृत्तीत फ्री वापरायला सुरुवात केली आणि २०२१ मध्ये १.१६ आवृत्तीत डोन्टनीडला मूळ पदावर परत आणलं. जेईमॅलॉक दोन्ही वापरतो: आधी काही काळ थांबून फ्री, आणखी काही काळाने डोन्टनीड.

माझं मत विचाराल तर, मोजून फायदा सिद्ध झाला नसेल तोवर डोन्टनीडच ठेवा. रात्री येणारे फोन कमी होतात.

९. डोन्टनीड दिलं, तरी आरएसएस उतरला नाही. का?

आधी खात्री करा की तुमच्या अलोकेटरने खरंच डोन्टनीड दिलं, फ्री नव्हे. एस्ट्रेस हे सिस्टिम कॉल दाखवणारं साधन लावलं की कॉल दिसतो. पट्टा एका पेजहून लहान असेल आणि तुम्ही प्रश्न ३ प्रमाणे तो आतून कापला असेल, तर सोडायला काही उरलंच नसेल. दुसरा थ्रेड त्याच मेमरीला अजून हात लावत असेल तर पेजेस गेल्या पावली परत येतात.

ह्यूज पेजेसचा (नेहमीपेक्षा कितीतरी मोठ्या पेजेसचा) प्रकार याच्या बरोबर उलटा असतो: आरएसएस उतरलेला दिसतो, पण मशिनला मेमरी मिळालेली नसते. तो प्रश्न ११ मध्ये आहे.

१०. सल्ला लागू झाला की नाही, हे बाहेरून कसं पाहायचं?

कर्नलकडची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या प्रॉक फाइलसिस्टिममध्ये प्रोसेसच्या फोल्डरात एसमॅप्स नावाची फाइल असते. तिथे प्रत्येक मॅपिंगखाली ध्वजांची एक ओळ येते, दोन दोन अक्षरांची: 'एसआर' म्हणजे सीक्वेन्शियल, 'आरआर' म्हणजे रँडम, 'डीसी' म्हणजे फोर्कमध्ये नकल नको, 'डीडी' म्हणजे डम्पमध्ये नको, 'डब्ल्यूएफ' म्हणजे फोर्कनंतर पुसा, 'एचजी' आणि 'एनएच' म्हणजे ह्यूज पेज हवं आणि नको.

विलनीड, डोन्टनीड, फ्री हे खूण मागे ठेवत नाहीत. त्यांचा परिणाम आकड्यांवरूनच ओळखायचा. फ्री झालेली पेजेस त्याच फाइलमध्ये 'लेझीफ्री' या ओळीत मोजलेली असतात. आरएसएस का उतरत नाही यावर वाद घालण्याआधी ती ओळ बघा. कोणतं पेज रॅममध्ये आहे हे प्रोग्रामच्या आतून हवं असेल तर एमइनकोर हा कॉल आहे.

११. ह्यूजपेज दिलं की प्रोग्राम वेगवान होतो म्हणतात. सरसकट द्यावं का?

नाही. आधी मशिनवरची सेटिंग पाहा. ट्रान्सपरंट ह्यूज पेजेसच्या (कर्नल स्वतःच जुळवून देतं त्या मोठ्या पेजेसच्या) तीन अवस्था असतात: नेहमी, फक्त मागेल त्याला, कधीच नाही. मधल्या अवस्थेला तिथे याच कॉलचं नाव दिलेलं आहे. 'कधीच नाही' असेल तर ह्यूजपेज दिल्याने काही होत नाही. हा सल्ला २.६.३८ पासूनचा.

एक्स८६ वर ह्यूज पेज २ मेगाबाइटचं असतं, तेव्हा पट्टाही २ मेगाबाइटच्या सीमांमध्ये बसणारा हवा. सल्ला दिल्याक्षणी पेजेस मोठी होत नाहीत. पुढच्या फॉल्टला होतात, किंवा मागे चालणारा कर्नलचा थ्रेड सवडीने करतो. आत्ताच्या आत्ता हवी असतील तर ६.१ पासून कोलॅप्स हा सल्ला आहे.

फायदा होतो तो मोठा, सलग आणि दाट वापरला जाणारा डेटा असेल तर, कारण पत्त्यांच्या भाषांतराची कॅश कमी नोंदींत जास्त मेमरी सांभाळते. विरळ वापर असेल तर एका बाइटला हात लावला की २ मेगाबाइट खर्ची पडतात. अशा ठिकाणी नोह्यूजपेज द्या.

आता आडवळणाची गोष्ट. ह्यूज पेजच्या एका भागाला डोन्टनीड दिलं की तुमच्या बाजूने तो भाग गेला, आरएसएसही उतरला. पण मोठं पेज प्रत्यक्षात फोडण्याचं काम कर्नल पुढे ढकलतं, आणि मेमरीची चणचण होईपर्यंत ते २ मेगाबाइट अडकून राहू शकतात. छोट्या तुकड्यांनी मेमरी परत देणारा अलोकेटर आणि ह्यूज पेजेस यांचं म्हणूनच फारसं पटत नाही.

१२. एमलॉक केलेल्या (रॅममध्येच धरून ठेवलेल्या) मेमरीवर डोन्टनीड का चालत नाही?

'इथून हलू देऊ नको' आणि 'टाकून दे' हे एकाच श्वासात सांगता येत नाही, म्हणून ईइनव्हॅल मिळतं. फ्री, कोल्ड आणि पेजआउट यांचंही तेच. दोन्ही गोष्टी खरंच हव्या असतील तर ५.१८ पासून डोन्टनीडलॉक्ड हा वेगळा सल्ला आहे.

१३. गुपित किल्ल्या फोर्कनंतर चाइल्डकडे जाऊ नयेत. कोणता सल्ला देऊ?

डोन्टफोर्क दिलं तर तो पट्टा चाइल्डकडे नसतोच. तिथे हात लावला की सेगफॉल्ट. वाइपऑनफोर्क दिलं तर पट्टा असतो, पण शून्याने भरलेला. हा सल्ला ४.१४ मध्ये आला आणि फक्त खासगी, फाइल नसलेल्या मेमरीवर चालतो. रँडम आकडे तयार करणाऱ्या लायब्ररीला हाच सोयीचा: बीज शून्य दिसलं की तिला कळतं, आपण चाइल्डमध्ये आहोत, नवं बीज घ्यायला हवं. नाहीतर पेरेंट आणि चाइल्ड दोघेही तेच 'रँडम' आकडे देत राहतील.

कोअर डम्पसाठी डोन्टडम्प वेगळं द्यावं लागतं, ते ३.४ पासून आहे. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. आणि प्रश्न ५ मध्ये म्हटल्याप्रमाणे, इथे परत आलेली किंमत तपासाच.

१४. डेटा हवा आहे, पण बराच वेळ लागणार नाही. डोन्टनीड चालेल?

अजिबात नाही. तुम्हाला हवेत कोल्ड किंवा पेजआउट, दोन्ही ५.४ पासूनचे. कोल्ड म्हणजे 'चणचण झाली तर आधी इथून घे'. पेजआउट म्हणजे 'आत्ताच स्वॅपमध्ये नाहीतर फाइलमध्ये हलव'. मजकूर दोन्हींत शाबूत राहतो. पॉझिक्सला डोन्टनीडमध्ये जे म्हणायचं होतं, त्याच्या जवळचं लिनक्समध्ये असेल तर ते कोल्ड.

१५. दुसऱ्या प्रोसेसच्या मेमरीबद्दल सल्ला देता येतो का?

येतो, ५.१० पासून. प्रोसेस एमअ‍ॅडव्हाइज हा वेगळा कॉल आहे. त्याला प्रोसेसचा फाइल डिस्क्रिप्टर आणि पट्ट्यांची यादी द्यायची. मोबाइलसारख्या ठिकाणी कोणतं अ‍ॅप मागे गेलं हे त्या अ‍ॅपपेक्षा सिस्टिमच्या व्यवस्थापकाला आधी कळतं, म्हणून ही सोय. परक्याचा डेटा पुसणारे सल्ले इथे चालत नाहीत, आणि पुरेशी परवानगी लागते. हा कॉल ० देत नाही, किती बाइटना सल्ला लागू झाला ते देतो. आकडा मागितल्यापेक्षा कमी असू शकतो, तेव्हा उरलेल्यासाठी पुन्हा कॉल करा.

१६. अनेक थ्रेड असताना काय सांभाळायचं?

दोन गोष्टी. पहिली बरोबरपणाची. एक थ्रेड पट्टा वापरत असताना दुसऱ्याने डोन्टनीड दिलं तर सेगफॉल्ट येत नाही, पहिल्याला गुपचूप शून्य मिळतात. पॉइंटर वैध, मजकूर गायब. असा दोष शोधणं सेगफॉल्टपेक्षा कितीतरी कठीण, कारण प्रोग्राम पडतो तो दुसरीकडेच, बऱ्याच वेळाने, किंवा पडतच नाही आणि चुकीचं उत्तर देतो.

दुसरी वेगाची. पेजेस काढून घेतल्यावर इतर कोअरनी आपल्या जवळच्या जुन्या भाषांतरांच्या नोंदी पुसाव्यात म्हणून त्यांना इंटरप्ट (हातातलं काम थांबवायला लावणारा संकेत) पाठवावा लागतो. ४ किलोबाइटच्या हजार तुकड्यांसाठी हजार कॉल करण्यापेक्षा सलग पट्टा साठवून एकच कॉल करा.

१७. मेमरी आधीच भरून ठेवायची आहे. विलनीड पुरेल का?

हमी हवी असेल तर नाही. विलनीड फक्त सुरुवात करून देतं (प्रश्न ६). ५.१४ पासून पॉप्युलेटरीड आणि पॉप्युलेटराइट आहेत. ते पेजेस खरोखर आणून, जोडूनच परत येतात, आणि जमलं नाही तर एरर देतात. एममॅपलाही पॉप्युलेटचा ध्वज आहे, पण त्यात भरणं फसलं तर एममॅप ते सांगत नाही. मग ऐन कामाच्या वेळी सिगबस हा सिग्नल येऊन प्रोग्राम मरू शकतो.

१८. डर्टी काऊ या सुरक्षा दोषात या कॉलचं नाव येतं. तो धोकादायक आहे का?

दोष या कॉलमध्ये नव्हता. ऑक्टोबर २०१६ मध्ये उघड झालेला तो दोष कर्नलच्या 'लिहिताना नकल करा' या यंत्रणेत होता आणि २००७ पासून तिथेच होता. हल्लेखोर फक्त वाचता येणारी फाइल खासगी मॅप करायचा. एक थ्रेड प्रॉकमधल्या मेमरी फाइलच्या वाटेने त्यात लिहीत राहायचा, दुसरा सतत डोन्टनीड देत राहायचा. खासगी नकल तयार झाली आणि त्यात लिहिण्याआधीच डोन्टनीडने ती उडवली, अशी वेळ नेमकी जुळली की लिखाण मूळ फाइलच्या कॅशमध्ये उतरायचं. स्वतःच्या मेमरीला सल्ला द्यायला कोणतीही खास परवानगी लागत नाही, म्हणून कोणत्याही साध्या युजरला हे जमायचं. दुरुस्ती त्याच महिन्यात झाली.

१९. नवा सल्ला माझ्या कर्नलवर आहे का, हे न मोडता कसं तपासायचं?

कम्पाइल करताना हेडरमध्ये स्थिरांक सापडला, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. प्रोग्राम बांधला ते मशिन आणि चालतो ते मशिन वेगळं असतं.

पत्ता ०, लांबी ० आणि हवा तो सल्ला असा कॉल करा. कर्नलला सल्ला माहीत असेल तर ० मिळतो, नसेल तर ईइनव्हॅल. लांबीच शून्य असल्याने कोणत्याही मेमरीला धक्का लागत नाही. प्रोग्राम सुरू होताना एकदा तपासून उत्तर जपून ठेवा. तुमच्या लायब्ररीच्या दस्तऐवजातही लिहा: कोणता सल्ला वापरता, तो नसेल तर काय करता, आणि कॉलनंतर त्या मेमरीत काय असेल याची हमी देता की नाही. यातलं शेवटचं वाक्य जवळजवळ कुणीच लिहीत नाही, आणि वापरणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

प्रश्न ५ मधल्या इम्युलेटरच्या जुन्या आवृत्तींसारख्या ठिकाणी मात्र ही तपासणीही ० देईल, कारण तिथे प्रत्येक कॉलला ०च मिळतो. तुमचा कोड शून्यांवर विसंबून असेल तर एक पेज एममॅपने घ्या, त्यात शून्य सोडून काहीही लिहा, डोन्टनीड द्या आणि वाचून पाहा. लिहिलेलं अजून तिथेच असेल, तर त्या मशिनवर मेमसेटने स्वतः शून्य भरा.